माशा मारणे आणि मासे सोडणे

आमच्या बँकेत दुपारी दोन ते अडीच जेवणाची सुट्टी असते. त्या अर्ध्या तासात डबे कमी आणि माणसं जास्त खाल्ली जातात. गेल्या जूनमध्ये तीन आठवडे मी खाल्ला गेलो.

कारण एवढंच की, साठवलेली रजा खर्च करून मे महिन्यात मी ताईकडे न्यू जर्सीला जाऊन आलो आणि आल्यावर गप्पांच्या ओघात बोलून गेलो, की आमच्या भाऊजींनी अठ्ठावीसशे डॉलर्सची बांबूची काठी घेतली. मासे धरायची. आणि धरलेला मासा ते परत पाण्यात सोडतात.

हेड कॅशियरांचा घास वाटेतच थांबला. गुणाकार करायला त्यांना मशीन लागत नाही. "म्हणजे अडीच लाखांची काठी?"

"जवळजवळ."

"आणि मासा खायचा नाही?"

"नाही."

"मग त्यापेक्षा बाजारातून पापलेट आणून नदीत सोडा म्हणावं. स्वस्त पडेल."

सगळे हसले. मीही हसलो, कारण कर्जखात्याचे साहेब हसत होते. पुढं रोज डबा उघडला की "काय, मेहुण्यांची काठी काय म्हणते?" हा प्रश्न लोणच्यासारखा ताटात यायचा. तोंडी वादात मी नेहमी हरतो. बायकोशी झालेल्या वादांचे निकाल तर मी लागायच्या आधीच मान्य करतो. म्हणून हे लेखी उत्तर. माझं म्हणणं सरळ आहे : त्या काठीची किंमत योग्य आहे, किंबहुना थोडी कमीच आहे. आणि हे मी कॉमर्सचा पदवीधर म्हणून सांगतो आहे, मेहुणा म्हणून नाही.

आधी माशीचं प्रकरण. आपल्याकडे ज्याला काही उद्योग नाही तो माशा मारत बसतो. इंग्रजांनी आणि त्यांच्या मागून अमेरिकनांनी माशा बांधण्याचा उद्योग काढला. एवढासा गळ घ्यायचा, त्याच्यावर रेशमाच्या दोऱ्यानं कोंबड्याच्या मानेचं पीस, सशाच्या कानाचे केस असं काहीबाही गुंडाळायचं आणि पाण्यावर बसलेल्या किड्याची हुबेहूब नक्कल करायची. हीच ती 'फ्लाय'. या नादाला माणसं कुठवर जातात त्याचा एक दाखला देतो. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या निसर्गसंग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी पिसांसकट चोरीला गेली. चोर कोण, तर लंडनला बासरी शिकणारा एक विद्यार्थी. माशा बांधायला त्याला दुर्मीळ पिसं हवी होती. बासरी वाजवणाऱ्यानं पिसं पळवावीत ही आपल्याकडे फारतर एखाद्या गवळणीची तक्रार झाली असती. तिथं कोर्टात खटला झाला.

तर ही माशी वजनानं शून्य. गांडूळ लावलेला गळ शिशाच्या गोळीसकट दगडासारखा फेकता येतो, त्याला कुठलीही काठी चालते. माशी फेकताच येत नाही. म्हणून इथं दोरीलाच वजन असतं. काठी दोरी फेकते आणि माशी दोरीच्या टोकाला बसून, साहेबाच्या जीपमागं शिपाई जावा तशी, निमूट जाते. दोरी आधी मागं टाकायची, ती पाठीमागं हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढं आणायची. या खटाटोपात काठी वाकते आणि सरळ होते, वाकते आणि सरळ होते. म्हणजे ही काठी नव्हेच, ही आठ फुटी स्प्रिंग आहे. गुरं हाकायच्या काठीशी तिची तुलना करणं म्हणजे घड्याळाच्या कमानीला पत्र्याची पट्टी म्हणणं आहे.

आता बांबू. अखंड बांबू आत पोकळ. त्याचा सगळा दम बाहेरच्या सालीलगतच्या धाग्यांत असतो, आत नुसता गर. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ईस्टन नावाचं गाव आहे. तिथला सॅम्युएल फिलिप हा बंदुकांचा कारागीर, शिवाय व्हायोलिनंही बनवायचा. या गृहस्थानं १८४० च्या दशकात बांबू चिरून, कामट्यांची कड तिरकी तासून, त्या एकमेकींना चिकटवून काठीचं टोक केलं. गर बाजूला, साल बाहेर. पुढं सहा कामट्यांची षट्कोनी काठी रूढ झाली ती आजतागायत.

कर्जखात्याचे साहेब म्हणतात, "विलायती खूळ!" साहेबांना माझा नम्र सवाल आहे : त्या लोकांनी सुरुवातीला बांबू कुठला वापरला? आपला! त्या बांबूला तिकडं नावच होतं 'कलकत्ता केन'. हिंदुस्थानातला भरीव जातीचा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जायचा, अंगावर चटक्यांचे डाग घेऊन, आणि कित्येक वर्षं तिकडच्या नामांकित काठ्या त्याच्याच व्हायच्या. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी बांबूनं त्याची गादी घेतली. त्याला म्हणतात 'टोंकिन'. नाव टोंकिन, पण गाव ग्वांगडोंग. टोंकिन व्हिएतनाममध्ये आणि बांबू चीनमध्ये. व्यापाऱ्यांनी दिलेलं नाव, दुसरं काय व्हायचं! मॅक्ल्यूअर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३१ साली त्याचं शास्त्रीय नामकरण केलं, त्यात त्यानं 'अमाबिलिस' म्हणजे 'लाडका' असा शब्द घातला. एका गवताला लाडकं म्हणणारा शास्त्रज्ञ मला एकदम जवळचा वाटला. (बांबू हे गवत आहे. आपल्या वनकायद्यात मात्र १९२७ पासून ते झाड होतं. रानाबाहेरच्या बांबूला २०१७ साली त्या झाडपणातून मुक्ती मिळाली. नव्वद वर्षांची ही चूक दुरुस्त होईपर्यंत बांबू वाढायचा थांबला नाही, हे त्याचे उपकार.)

भाऊजींची काठी तयार करणारे गृहस्थ ईस्टनपासून फार लांब राहत नाहीत. शाळामास्तर होते, निवृत्त झाले. त्यांच्याकडं दोन वर्षांची प्रतीक्षायादी आहे. काठी आणायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी तळघरातला कारखाना दाखवला. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, एक भट्टी, चारपाच रंधे, एक सुरी.

एक बांबू उभा चिरून कामट्या काढतात. त्या हातानं फोडायच्या, करवतीनं कापायच्या नाहीत, म्हणजे धागा तुटत नाही. मग गाठी. बांबूला दर पेराला गाठ असते. ती घासायची, गरम करून चेपायची, आणि काठीत दोन गाठी शेजारीशेजारी येऊ नयेत म्हणून कामट्या मागंपुढं सरकवून मांडायच्या. मग भट्टीत भाजून ओलावा घालवायचा. मग पोलादाचे दोन लांब बार, मध्ये त्रिकोणी खाच, दर पाच इंचांवर तिची रुंदी ठरवायचा स्क्रू. या खाचेत कामटी ठेवून रंधा मारायचा, पालटून पुन्हा मारायचा. बुडाकडून शेंड्याकडं कामटी निमुळती होत जाते, आणि ती किती निमुळती व्हावी हे मोजतात इंचाच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण तसल्या तीन भागांचा असतो. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शानं चूक झाली तर ती चूक! आम्ही बँकेत दिवसाअखेर पैशाला पैसा जुळवतो म्हणून छाती काढून फिरतो. तळघरात माझी छाती जाग्यावर आली.

काठीचे दोन तुकडे, शिवाय मोडण्याच्या भीतीनं एक जादा शेंडा. म्हणजे सहा त्रिक अठरा कामट्या. शेंड्याचं टोक काडेपेटीतल्या काडीहून बारीक, आणि त्यातही सहा कामट्या. नंतर डिंक, दोऱ्याचा आवळ, वाकडेपणा काढणं, धातूचा सांधा, बुचाची मूठ, दोरी ओवायच्या कड्यांवर रेशीम, आणि त्यावर व्हार्निशचे थर. सगळे धरून पन्नास तास.

रिळाबद्दल मात्र मी इतका भांडणार नाही. रीळ म्हणजे आपल्या पतंगाची फिरकीच, फक्त धातूची. दोरी गुंडाळून ठेवते आणि मासा पळाला की कुरकुरते. भाऊजींकडं इंग्लंडच्या हार्डी कंपनीचं 'परफेक्ट' आहे, जुनं. हे मॉडेल १८९१ सालचं. त्याची कुरकुर ऐकून भाऊजी डोळे मिटतात. ताई म्हणते, "माझी कुरकुर ऐकून ह्यांनी कधी असे डोळे मिटले नाहीत." हातानं रीळ बनवणारे आजही आहेत आणि त्यांच्या किमती ऐकून मीसुद्धा हेड कॅशियरांच्या पक्षात जातो.

पण काठीचं पत्रक मांडू. अठ्ठावीसशे डॉलर्स. त्यातून बांबू, सांधा, बूच, रेशीम, वीज वगैरेचे तीनशे वजा. राहिले अडीच हजार. भागिले पन्नास तास. तासाला पन्नास डॉलर्स. मी असताना ताईच्या घरचा नळ बिघडला होता. आलेल्या गृहस्थानं तासाला सव्वाशे घेतले, आणि नळ अजून गळतो म्हणून परवाच ताईचा फोन आला. तेव्हा वाचकहो, महाग काय पडलं?

"पण मग कारखान्यात का करत नाहीत?" हा प्रश्न आमच्या शाखेतल्या नव्या मुलाचा. केली होती की! हायरम लेनर्ड नावाच्या काठीवाल्यानं एकोणिसाव्या शतकातच कामट्या तासायचं यंत्र केलं आणि ते कुलूपबंद खोलीत ठेवलं, कुणाला दिसू नये म्हणून. ही विद्या फार दिवस अशीच कुलपात होती. एव्हरेट गॅरिसन म्हणून न्यूयॉर्ककडं एक इंजिनियर होता. पूल बांधताना काढतात तशी ताणाची गणितं तो काठीसाठी काढायचा. तो १९७५ साली वारला. त्याच्या पद्धतीचं पुस्तक त्याचा शिष्य होगी कारमायकल यानं १९७७ साली पुरं करून छापलं. झालं, कुलूप निघालं. कुणीही मास्तर निवृत्त झाला की तळघरात रंधा मारायला मोकळा!

गंमत अशी, की तोवर बांबूचा बाजार उठला होता. १९५० साली कोरियाच्या लढाईत अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला. टोंकिन येईना. काठीवाले आपापल्या वखारीतला साठा पुरवून पुरवून वापरू लागले. तेवढ्यात फायबरग्लास आलं. १९७१ साली बंदी उठली तर मागोमाग ग्रॅफाइट हजर. हलकं, ताठ, लांब फेकणारं, न कुजणारं, स्वस्त. म्हणजे बांबू धंद्यात मेला तो मेला, आणि मेल्यावर पुस्तकामुळं घरोघर जिवंत झाला.

ग्रॅफाइट चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्या ओढ्यात ट्राउट असतो त्याची रुंदी आमच्या बँकेच्या काउंटरपेक्षा फार नसते. तिथं शंभर फूट फेकून काय पलीकडच्याचा मासा धरायचा आहे? तीस फूट पुरे. आणि बांबू सावकाश वाकतो, सावकाश सरळ होतो. तुम्हाला घाई असली तरी त्याला नसते. ग्रॅफाइट तुमच्या मागं धावतं. बांबूच्या काठीला तुम्हाला थांबावं लागतं. काउंटरवर "अहो, किती वेळ?" हे बावीस वर्षं ऐकलेल्या माणसाला थांबायला लावणारी वस्तू भेटली, याचं मोल मी कुठल्या खाती टाकू?

मी स्वतः ती काठी धरली. न्यूयॉर्क राज्यात, कॅट्स्किल डोंगरातल्या बीव्हरकिल नदीत. नदीचं नाव बीव्हरकिल आणि काठावर पाटी 'नो किल'! मला वाटलं, मागणी मान्य होऊन नाव बदलायचं राहिलंय. तसं नाही. 'किल' म्हणजे डच भाषेत ओढा, आणि पाटीचा अर्थ, या पट्ट्यात मासा मारायचा नाही, सोडायचा. तेव्हा हेड कॅशियरसाहेब, मासा सोडणं हा आमच्या मेहुण्यांचा वेडेपणा नसून तिथला कायदा आहे. परवाना काढून, फी भरून सोडायचा आहे.

कमरेपर्यंत रबरी विजार चढवून मी पाण्यात उभा राहिलो. भाऊजी म्हणाले, "मागं टाक, थांब, आता पुढं." मी थांबलो नाही. माशी माझ्याच कॉलरला अडकली. दुसऱ्यांदा ती मागच्या झाडाला लागली. भाऊजी झाडावर चढले नाहीत, पण मनातून माझ्या घराण्यावर चढले असावेत. अर्थात त्यांची बायको त्याच घराण्यातली असल्यानं गप्प बसले. तासाभरानं त्यांनी स्वतः एक ब्राउन ट्राउट धरला, वीतभर. हा मासाही मूळचा तिथला नाही. १८८३ साली त्याची अंडी जर्मनीहून आली. जर्मन मासा, चिनी बांबू आणि सांगलीचे भाऊजी असे तीन स्थलांतरित एका दोरीला आले होते. भाऊजींनी हात ओला केला, पाण्यातच गळ सोडवला, माशाचं तोंड प्रवाहाकडं धरून क्षणभर थांबले. मासा गेला. भाऊजींचा चेहरा मी त्यांच्या लग्नातही असा पाहिला नव्हता.

हा पैसेवाल्यांचा छंद आहे, हा आरोप मात्र मी मान्य करतो. भाऊजींच्या काठीनं कुणाचं पोट भरत नाही. पण हा आरोप करणाऱ्या आमच्या हेड कॅशियरांच्या खिशात सव्वा लाखाचा फोन आहे आणि दर दोन वर्षांनी तो म्हातारा होतो. तो कुणी बनवला, किती तासांत, तासाला काय मिळालं, हे त्यांनी कधी विचारलंय? फोनच्या दुकानात ते घासाघीसही करत नाहीत. काचेच्या दारावर भाव लिहिलेला असला की आपण मुकाट पैसे देतो. आणि ज्याच्या हातात वस्तू तयार होताना समोर दिसते, त्याच्यापुढं मात्र आपल्याला एकाएकी बाजारभाव कळू लागतात.

इथं मला थोडं आवरतं घेतलं पाहिजे, कारण आता पाळी माझी आहे.

ताईनं येताना सूप आणायला सांगितलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बुरूडकाम करणारे बसतात. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. माझे वडीलही मामाच म्हणायचे, पण ते बहुधा आधीचे मामा, यांचे वडील. मामांनी अडीचशे सांगितले. मी एकशेऐंशीला आणलं. घरी येऊन बायकोला ही सत्तर रुपयांची बचत मी जरा चढ्या आवाजात सांगितली.

दुसरं असं, की आदल्या वर्षी याच मामांचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. सणांआधी बांबूचा साठा करायला तीस हजार हवे होते. छापील फॉर्मात एक रकाना असतो, 'यंत्रसामग्रीचा तपशील व कोटेशन'. मामांनी मुलाकडून लिहून घेतलं होतं, 'कोयती १'. मी लाल शाईनं शेरा मारला, 'कोटेशन जोडलेले नाही', आणि अर्ज परत केला. नियमाप्रमाणं माझं बरोबरच होतं. शेजारच्या टेबलावर तो रकाना मी वाचून दाखवला, त्यावर दोन दिवस हशा झाला होता.

आता पुन्हा त्या तळघरात चला. भाऊजींनी उत्साहानं ते सूप मास्तरांना दाखवायला आणलं होतं. मास्तरांनी चष्मा बदलला. सूप उलटंपालटं केलं, कामटीवरून नख फिरवलं, दिव्यापाशी नेलं. "वरची साल आहे," म्हणाले, "गर काढून टाकलाय. तासायला खाच कसली वापरतात?"

"कसली नाही. मांडीवर धरतात."

"मोजतात कशानं?"

"डोळ्यानं."

त्यांनी मायक्रोमीटर काढलं. कामटी चार ठिकाणी मापली. काटा चारही वेळा जवळजवळ एकाच जागी उभा राहिला. त्यांनी काही न बोलता तो भाऊजींना दाखवला. मग माझ्याकडं वळले. "किती तास लागतात?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ठोकून दिलं, "अर्धा दिवस."

"आणि घेतात किती?"

एकशेऐंशी रुपयांचे डॉलर मला तोंडपाठ होते. दोन. भाऊजी खिडकीबाहेर बघू लागले. मी म्हटलं, "चाळीस डॉलर."

"फार कमी घेतो माणूस," मास्तर म्हणाले. "मी पन्नास देईन. दोन पाठवतील का, विचारा. थांबायची तयारी आहे माझी, त्यांच्याकडंही यादी असेलच." वही-पेन्सिल घेऊन त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "नाव काय त्यांचं?"

अर्ज पाव तास माझ्यासमोर होता. लाल शेरा मला अक्षरन् अक्षर आठवत होता. शेऱ्याच्या वर, डावीकडं, मोठ्या अक्षरांत नाव होतं. ते काही केल्या आठवेना.

"कळवतो," मी म्हणालो. बँकेत गेली बावीस वर्षं हे उत्तर मी बिनचूक देत आलो आहे.